धावण्याचा दमसास वाढवण्यासाठी मध्ये मध्ये चालावे का? सल्ला हवा आहे

नमस्कार. माझे वय ४३ आहे, नोकरी बैठी आहे आणि मी दादरला राहते. गेल्या दीड महिन्यापासून मी सकाळी साडेपाच वाजता शिवाजी पार्कभोवती धावण्याचा प्रयत्न करीत आहे. एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची भरते. त्यातील अर्धी बरी जाते. मग धाप लागते, बरगड्यांखाली कळ येते आणि एकदा थांबले की पुन्हा धावण्याची इच्छाच उरत नाही. मुंबई मॅरेथॉनमधील १० किलोमीटरचे अंतर कधीतरी पूर्ण करावे, असे मनात आहे. मध्ये चालण्याची सवय लागली की माणूस कधीच सलग धावत नाही, असे कार्यालयातील एक जुने धावपटू ठामपणे सांगतात. ते खरे आहे का? आणि चालायचेच असेल, तर किती?

प्रतिसाद १
ताई, किती चालायचे याआधी केव्हा चालायचे ते पाहू. तुम्ही सध्याही चालतच आहात, फक्त पुरते दमल्यावर. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी जी पद्धत लोकप्रिय केली, तिचे मर्म हेच आहे की चालण्याची विश्रांती पहिल्या मिनिटांपासून, पाय ताजे असतानाच घ्यायची. पाच मिनिटे झपझप चालून अंग मोकळे करा. नंतर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा करा. पहिल्या चार आवर्तनांत हे फारच सोपे आहे असे वाटेल आणि आणखी धावण्याचा मोह होईल, परंतु घड्याळाचेच ऐका, कारण शेवटचे मिनिट पहिल्याइतकेच सहज गेले तरच आखणी योग्य ठरली म्हणायची. आठवड्यातून तीन दिवस, आणि दोन धावांमध्ये एक दिवस मोकळा. दोन आठवड्यांनी चालणे एका मिनिटावर आणा. मगच धावणे दोन, तीन, चार मिनिटांपर्यंत वाढवत न्या. जुने धावपटू म्हणतात त्या सवयीचे म्हणाल, तर ती लागली तरी बिघडत नाही. पूर्ण मॅरेथॉनही अनेक जण अशीच धावतात.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण माझ्या मते खरी चूक वेगाची असावी. अर्ध्या फेरीत धाप लागते, याचा अर्थ आपण शाळेच्या शर्यतीसारखे धावत आहात. धावताना शेजारच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा, मग तो चालण्याइतका वाटला तरी चालेल. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड राहण्यास वेळ लागतो आणि तोच वेग डिसेंबरपेक्षा मे महिन्यात जड जातो. आणखी एक गोष्ट, जी मी नडगी दुखावून शिकलो: हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, पण हाडे आणि स्नायुबंध मागे राहतात. दम पुरतो म्हणून अंतर भराभर वाढवू नका. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट टेकल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणे किंवा चक्कर येणे, हे तर अंगावर काढूच नये.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. तीन आठवडे एकास दोन केले. कळ येणे थांबले आहे. मात्र चार मिनिटे धावून एक मिनिट चालले, तर १० किलोमीटरला किती वेळ लागेल?

प्रतिसाद १
आठ मिनिटांना एक किलोमीटर या संथ वेगाने चार मिनिटांत ५०० मीटर होतात आणि झपझप चालण्याच्या एका मिनिटात १०० मीटर. म्हणजे पाच मिनिटांत ६०० मीटर, पार्कची फेरी बरोबर दहा मिनिटांत, आणि १० किलोमीटर सुमारे एक तास २३ मिनिटांत. तोवर घाई नको. या आठवड्यात एकास एक सुरू करा.