खबऱ्याला दिलेला शब्द पाळायचा कोणी?

जुनी फाइल

काही वर्षं मी एका सरकारी गुप्तवार्ता खात्यासाठी प्रत्यक्ष मैदानात काम केलं. कुठलं खातं, कुठला मुलूख हे विचारू नका. सांगणार नाही, आणि या धाग्याला त्याची गरजही नाही.

लोकांना वाटतं तसं त्या कामात फारसं काही घडत नाही. निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं आणि उरलेलं लिहिण्यात. वीस मिनिटांच्या भेटीसाठी आधी तीन-तीन तास वाटा बदलत भटकायचं, मागावर कोणी नाही ना ते बघत. भेट झाली की सगळ्यात आधी पुढची भेट ठरवायची, कारण मध्येच कोणी टपकलं आणि उठावं लागलं तर दुवा तुटतो. मग माहिती. मग परत येऊन अहवाल. तो काय म्हणाला ते एकीकडे, त्याला ते कसं कळलं ते दुसरीकडे, आणि मला काय वाटतं ते अगदी शेवटी, वेगळं. या तिन्हींची सरमिसळ झाली की वरिष्ठ कागद परत फेकतात. बरोबरच करतात.

आता मुद्दा. खबऱ्या (कागदावर 'सोर्स') जीव धोक्यात घालतो तो एका माणसाच्या भरवशावर. खातं त्याला कधी दिसतच नाही. दिसतो तो मी. मुलीच्या परीक्षेची चौकशी करणारा, आईच्या मोतीबिंदूचं काय झालं ते विचारणारा. दोन-तीन वर्षांनी माझी बदली होते आणि ही सगळी जवळीक फाइलीतून दुसऱ्याच्या टेबलावर जाते. मोतीबिंदूसकट, कारण त्याचीही नोंद असते. पण "वेळ आलीच तर तुला आणि घरच्यांना बाहेर काढू" हे मी बोललेलं असतं, ते त्या नोंदीत असेलच असं नाही. असलं तरी नव्या माणसाला ते माझं बोलणं वाटतं, त्याचं नव्हे.

माझं मत असं की मैदानातल्या अधिकाऱ्याने असा शब्द देऊच नये. पुढच्या भेटीपर्यंत आपल्या हातात जेवढं आहे तेवढंच बोलावं. त्यापलीकडचं खात्याने लेखी द्यावं, ज्याची बदली होणार नाही अशा कोणाच्या तरी सहीने. ते जमणार नसेल तर आपण माणूस फसवतो आहोत हे निदान स्वतःशी कबूल करावं.

रिकामटेकडा

खरा हेर असा धागा काढेल का हो? असो. सतरंजी अंथरून बसलोय, येऊ द्या.

जुनी फाइल

नका मानू खरा. मुद्दा खोट्या माणसाने मांडला म्हणून बदलत नाही.

ठोकताळा

साफ असहमत.

शब्द द्यायचा नसेल तर समोरचा येईलच कशाला? पैशासाठी येणारे असतात, सूड म्हणून येणारे असतात, कोणी आपल्या राजवटीला विटलेले असतात. पण यातल्या कोणालाही "पुढच्या मंगळवारपर्यंतची हमी देतो" असं सांगून बघा. उठून जाईल.

दुसरं, बदली झाली की शब्द वाऱ्यावर जातो हे तुमचं गृहीतकच चुकीचं आहे. ओलेग गोर्दिएव्हस्कीचं उदाहरण घ्या. केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर संस्थेचा अधिकारी, ब्रिटिशांना माहिती देणारा. १९७८ मध्ये तो मॉस्कोला परतला तेव्हाच ब्रिटिशांनी त्याला पळवून आणायची योजना तयार ठेवली. संकट आलं तर त्याने ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, एका ब्रिटिश दुकानाची पिशवी हातात घेऊन उभं राहायचं. खूण ओळखल्याची पावती म्हणून कोणीतरी चॉकलेट खात त्याच्यासमोरून जाणार. एवढंच. मॉस्कोतले ब्रिटिश अधिकारी येत-जात राहिले, जागेवर नजर मात्र राहिली. १९८५ च्या मे महिन्यात संशय आला म्हणून त्याला लंडनहून परत बोलावलं आणि त्याची चौकशी झाली. जुलैमध्ये तो पिशवी घेऊन उभा राहिला. त्याला गाडीच्या डिकीत घालून फिनलंडच्या हद्दीत नेणारे लोक हे त्याला भरती करणारे नव्हते. एक अधिकारी तर बायको आणि तान्ह्या बाळाला बरोबर घेऊन गेला होता. नाक्यावर कुत्री हुंगायला लागली तेव्हा बाळाचं लंगोट बदललं म्हणून निभावलं.

ज्याने शब्द दिला तो कधीच दुसरीकडे गेला होता. शब्द पाळला परक्यांनी. तुमच्या खात्याला हे जमत नसेल तर तो त्या खात्याचा दोष झाला. शब्द देणं ही चूक कशी?

पाऊलवाट

ठोकताळा, गोष्ट अर्ध्यावर का थांबवलीत? त्या डिकीत तो एकटाच होता. बायको आणि दोन मुली मागे राहिल्या. नवरा कोणासाठी काम करतो हे त्या बाईला ठाऊकही नव्हतं. तिला आणि मुलींना बाहेर पडायला १९९१ उजाडलं, आणि तोवर संसारात काही उरलं नव्हतं.

धाग्यात शब्द लिहिलाय "तुला आणि घरच्यांना". अर्धाच पाळला गेला ना?

ठोकताळा

मान्य. पण तो निर्णय त्याचा होता, अधिकाऱ्याचा नव्हे.

रिकामटेकडा

म्हणजे बायकोला विचारायचं राहिलं ते राहिलंच. चालू द्या.

उलटतपासणी

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगते, कारण "लेखी द्यावं" हे वाचून थोडं हसू आलं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ साली, विल्यम लॉइड नावाच्या माणसाने अध्यक्ष लिंकनशी करार केला. दक्षिणेकडच्या राज्यांत जाऊन सैन्याची माहिती काढायची, महिना २०० डॉलर. माणूस गेला, माहिती पाठवत राहिला. युद्ध संपल्यावर हातात पडला तो फक्त खर्च. तो वारल्यावर त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाने दावा लावला. सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं? करार केला असेलही, पण असा करार गुप्तच राहायचा असतो हे दोघांनाही ठाऊक होतं, तेव्हा त्यावर दावाच चालणार नाही.

जुनी गोष्ट म्हणून सोडून द्याल, तर २००५ मध्ये पुन्हा तेच झालं. शीतयुद्धात सीआयएसाठी काम केल्याचं सांगणारं एक जोडपं न्यायालयात गेलं. आयुष्यभर सांभाळू असं आश्वासन दिलं होतं, आता हात वर केले, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने एकमताने त्याच जुन्या निकालावर बोट ठेवलं.

मुद्दा हा की लेखी असो, तोंडी असो, वसुलीचा रस्ताच बंद आहे. ज्याच्यावर दावा लागत नाही त्याची सही घेऊन खबऱ्याने करायचं काय? चौकटीत लावायची? निष्कर्षापुरती मी धागाकर्त्याबरोबर आहे, त्यांच्या उपायाबरोबर नाही.

ठोकताळा

उलटतपासणी, न्यायालयाचं तरी काय चुकलं? खटला उभा राहिला की नाव आलं, गाव आलं, काय माहिती दिली ते आलं. त्या खबऱ्याचे जुने शेजारी अजून तिथेच राहत असतात.

आणि लेखी ठेवण्यात तर दुसराच धोका आहे, तो धागाकर्त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायला हवा. जितका कागद, तितके डोळे. ऑल्ड्रिच एम्स सीआयएच्या आत, सोव्हिएत विभागातच बसला होता. १९८५ पासून त्याने नावं विकली. लाय डिटेक्टरच्या चाचणीतून दोनदा सुटला, पकडला गेला थेट १९९४ मध्ये. तोवर निदान दहा माणसं गोळी खाऊन मेली. त्यांना मैदानातल्या कोणी फसवलं नव्हतं. त्यांची नावं कागदावर होती आणि कागद एम्सच्या हातात. तुमच्या उपायाने असाच आणखी एक कागद तयार होतो, वर "याला बाहेर काढायचंय" असा शेरा मारलेला.

दगडूशास्त्री

सगळे खबऱ्याच्या बाजूने हळवे झालेत म्हणून आठवण करून देतो. विश्वास दुसऱ्या बाजूनेही जीव घेतो. ३० डिसेंबर २००९, अफगाणिस्तानातलं खोस्त. जॉर्डनचा एक डॉक्टर अल कायदाच्या आतली माहिती देणार होता. मोठा मासा. त्याचा मान राखायचा, विश्वास दाखवायचा म्हणून गेटवर झडती घेतली नाही. स्वागताला माणसं जमली. गाडीतून उतरला आणि अंगावरचा स्फोट केला. सीआयएची सात माणसं गेली. ज्या जॉर्डनच्या अधिकाऱ्याने त्याला सांभाळला, भरवशाचा आहे म्हणून सांगितलं, तोही तिथेच गेला.

मोतीबिंदूची चौकशी करा, पण खिसे तपासून मग करा.

खडूफळा

कौटिल्याला हे सगळं फार आधी सुचलं होतं. एका हेरावर विसंबू नका, तिघांचं एकच म्हणणं आलं तर ग्राह्य धरा, असं त्याचं सूत्र आहे, आणि ते आजही शिकवावं असं आहे. इराकमधल्या जैविक शस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांची गोष्ट एकाच माणसाने सांगितली होती. तो जर्मनांच्या ताब्यात होता आणि अमेरिकनांना त्याची नीट उलटतपासणी घेता आली नव्हती. तरी फेब्रुवारी २००३ मध्ये ती गोष्ट थेट संयुक्त राष्ट्रांत वाचली गेली. २०११ मध्ये त्याने स्वतःच ती रचलेली असल्याचं सांगून टाकलं.

शब्दाबद्दल म्हणाल तर कौटिल्याने तो प्रश्न येऊच दिला नाही. दोन्हीकडून पगार घेणाऱ्या हेराला, 'उभयवेतन' म्हणतो तो त्याला, कामाला लावताना आधी बायकामुलं आपल्या ताब्यात घ्यावीत असं तो सांगतो. भावनेचा घोळ नाही, बदलीचा प्रश्न नाही.

पाऊलवाट

म्हणजे ओलीस. छान. आणि याला राजनीती म्हणून दाद द्यायची?

खडूफळा

दाद दिली नाही, सांगितलं. पण विचार करा. ओलीस ठेवणारा निदान ओलीस ठेवतो म्हणून सांगतो. आपण मोतीबिंदू विचारतो.

पाऊलवाट

हे लागलं. तरी एक बोलते. खोट्या जवळिकीची किंमत काय असते ते लंडनच्या पोलिसांना विचारा. छुप्या नावाने चळवळींत शिरलेल्या अधिकाऱ्यांनी तिथल्या बायकांशी वर्षानुवर्षं संबंध ठेवले. २०१५ मध्ये पोलिसांनी अशा सात जणींची जाहीर माफी मागितली. त्या कोणाच्या खबऱ्या नव्हत्या, कुठला करार नव्हता, काही नाही. माणूस जवळ आला, राहिला आणि काम संपल्यावर नाहीसा झाला. "कामाचा भाग" म्हटलं की काय काय खपतं त्याला अंत नाही. म्हणून धागाकर्त्यांना किमान हा प्रश्न पडला याचं मला बरं वाटलं.

जुनी फाइल

बरंच काही आलं, एकेकाला उत्तर देत नाही.

ठोकताळा यांचा कागदाचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. उलटतपासणी यांचाही. लेखी द्यावं हे मागे घेतो. पण मग उरतं काय बघा. अदोल्फ तोल्काचेव्ह नावाचा मॉस्कोतला एक इंजिनियर. विमानांच्या रडारची माहिती त्याच्याकडे होती. १९७७ पासून तो आपणहून सीआयएच्या लोकांकडे येत होता. सापळा असेल म्हणून त्याला बऱ्याचदा परत लावलं, शेवटी घेतलं. पकडलो गेलो तर हाताशी असावी म्हणून त्याने विषाची गोळी मागितली. वरच्यांनी आढेवेढे घेतले, भेटणाऱ्यांनी पाठपुरावा केला, अखेर दिली. त्याच्याशी वागताना त्या लोकांनी काही कसूर केली असं मला दिसत नाही. घात झाला भलतीकडून. मॉस्कोला पाठवण्यासाठी तयार केलेला आणि १९८३ मध्ये काढून टाकलेला एक कर्मचारी रशियनांना जाऊन मिळाला. १९८५ मध्ये तोल्काचेव्हला अटक झाली, पुढच्या वर्षी गोळी घातली.

त्याला भेटणाऱ्या अधिकाऱ्याने "तू सुरक्षित आहेस" म्हटलं असतं तर ते कशाच्या जोरावर? आपल्या मागे, चार दारांपलीकडे कोण बसलंय हे त्यालाही माहीत नव्हतं. म्हणून म्हणतो, देऊ नये. नीतीचं राहू द्या, आपल्याजवळ नसलेली वस्तू देता येत नाही एवढं साधं आहे ते.

ठोकताळा

त्याच तोल्काचेव्हला कुटुंबासकट बाहेर काढायचा विषय निघाला होता, हे सांगायचं राहिलं. घरचे देश सोडायला तयार होणार नाहीत म्हणून तो गेला नाही. प्रौढ माणूस, धोका समजून राहिला. तुम्ही खबऱ्याला लहान मूल समजता, हीच तुमच्या धाग्यातली खरी गडबड आहे. त्याला कळतं हो, समोरच्याच्या हातात किती आहे आणि किती नाही. तरीही त्याला शब्द ऐकायचा असतो. परदेशी, एकटा, रात्री झोप नाही, अशा माणसाला कोणीतरी "आहोत आम्ही" म्हणायला हवं असतं. तुम्ही म्हणालात, ते पाळलं गेलं नाही, तर त्याचं ओझं तुम्ही वाहायचं. त्या ओझ्यापायी आधीच तोंड मिटून घेणं मला तरी पळवाट वाटते.

रिकामटेकडा

गंमत करायला आलो होतो, सतरंजी गुंडाळतो.

दगडूशास्त्री

खिसे तपासा म्हणालो त्यावर कोणी काहीच बोललं नाही. नोंद घेतली आहे.

पाऊलवाट

जुनी फाइल, एक विचारू? उत्तर नको असेल तर सोडून द्या. तो मोतीबिंदूवाला माणूस, म्हणजे ज्याच्या आईचा. निघताना त्याला काय सांगितलंत?

जुनी फाइल

बदली झाल्याचं सांगितलं. नवा माणूस बरोबर नेला होता, तशीच पद्धत आहे. त्याने नव्याला बराच वेळ न्याहाळलं आणि मग मला विचारलं, "यांना आईचं सांगितलंत ना?" म्हटलं, सांगितलंय.

दुसऱ्या गोष्टीचं त्याने काही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.