मदत हवी आहे: स्लाइम मोल्डच्या मायटोकॉन्ड्रियाचा सीडीएनए गढूळ वाचला जातोय

प्रश्न, कुडाळहून:
सुपारीच्या बागेतल्या कुजक्या ओंडक्यावरचा पिवळा स्लाइम मोल्ड ओट्सवर वाढवलाय. फायसेरम पॉलिसेफेलम असावा. मायटोकॉन्ड्रियातल्या कॉक्स-१ जीनचा सुमारे ६०० बेसचा तुकडा काढला. डीएनएमध्ये वाचनाची फ्रेम (तीन-तीन बेसचे गट) सारखी तुटते, ते अपेक्षितच, कारण इथे आरएनएमध्ये जादा बेस घुसवून ती जुळवली जाते (आरएनए एडिटिंग). पण सीडीएनएच्या (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीच्या) सँगर रीडमध्ये (बेस वाचण्याच्या आलेखात) सुरुवातीपासूनच शिखरांवर शिखरं. जेलवर मात्र एकच स्वच्छ बँड. एडिटिंग अर्धवट राहत असेल का? आणि गाइड आरएनए (एडिटिंग कुठे करायचं ते दाखवणारे छोटे आरएनए) कुठे शोधायचे?

प्रतिसाद १:
अर्धवट एडिटिंगचा संशय सगळ्यात शेवटी घ्या. फायसेरममध्ये ते जवळजवळ पूर्ण झालेलं असतं, कारण आरएनए तयार होतानाच जादा सी (सायटोसिन बेस) आत घातला जातो. तुमच्या आरएनएच्या नळीत मूळ डीएनए उरलाय.
एमआरएनएमध्ये सरासरी दर २५ बेसमागे एक सी घुसतो. म्हणजे ६०० च्या तुकड्यात साधारण २४. आता ६०० आणि ६२४ साध्या जेलवर वेगळे कसे दिसणार? एक बँड दिसला म्हणून एकच साचा होता असं होत नाही. रीडमध्ये पहिला सी आला की दोन्ही साचे एकमेकांपासून एका घराने सरकतात आणि तिथून पुढे सगळं दुहेरी. त्याआधीचे ३०-४० बेस तसेही नीट वाचले जात नाहीत, म्हणून अख्खा रीड गढूळ वाटतो.
१ मायक्रोग्रॅम आरएनएला १ युनिट डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या. थांबवताना आधी ईडीटीए (मॅग्नेशियम पकडून ठेवणारं रसायन), मगच ६५ अंशांवर १० मिनिटं. मॅग्नेशियम मोकळं असताना तापवलंत तर आरएनएच तुटेल. आरटी (आरएनएवरून सीडीएनए बनवणारं) एन्झाइम न घातलेली नळी प्रत्येक वेळी सोबत चालवा. तिच्यात बँड आला तर पुढे सिक्वेन्सिंगला पैसे घालू नका. सीडीएनएची सुरुवात करायला ओलिगो डीटी (आरएनएच्या ए-शेपटीवर बसणारा तुकडा) नको, रँडम हेक्सामर (कुठेही बसणारे सहा बेसचे तुकडे) घ्या.

प्रतिसाद २:
प्रायमर (कॉपीची सुरुवात करणारे छोटे डीएनए तुकडे) कशावरून बनवलेत? डीएनएवरून घेतलेल्या २०-२२ बेसच्या प्रायमरमध्ये एखादी एडिटिंगची जागा बहुधा येतेच. मग तो डीएनएला घट्ट बसतो, सीडीएनएला सैल, आणि चिमूटभर डीएनएसुद्धा बाजी मारतो. हीच गोष्ट उलटी वापरा: प्रायमरचं ३' टोक (जिथून कॉपी पुढे वाढते ते) घुसवलेल्या सीवर आणा. मात्र डीएनएमध्ये त्या जागी आधीच सी असेल तर ती जागा सोडा.
दुसरं, ओट्स. वनस्पतींच्या मायटोकॉन्ड्रियातही एडिटिंग होतं, तिथे सीचा यू (युरासिल बेस) होतो. फायसेरमच्या कॉक्स-१ मध्येही असे मोजके बदल आहेत, त्यामुळे ओट्सची भेसळ सहज फसवते. आरएनए काढण्याआधी प्लाझमोडियम (स्लाइम मोल्डचा पसरलेला थर) २४ तास साध्या पाणी-अगारवर उपाशी ठेवा. चिकट शर्करा आरएनएबरोबर खाली बसतात. आयसोप्रोपॅनॉलबरोबर जादा क्षाराचं द्रावण घातलं की त्या बऱ्याचशा वर राहतात. पावसाळ्यात लाईटीचा भरवसा नाही, तेव्हा आरएनए पाण्यात न ठेवता इथेनॉलमध्ये उणे २० वर ठेवा.

प्रश्नकर्ती:
आरटीशिवायच्या नळीतही बँड आलाय. म्हणजे चूक तिथेच. गाइड आरएनएचं राहिलं.

प्रतिसाद १:
ते ट्रिपॅनोसोमचं (एकपेशी परजीवींचं) प्रकरण. १९८६ मध्ये त्यांच्या कॉक्स-२ च्या आरएनएमध्ये डीएनएत नसलेले ४ यू सापडले, तिथून हा विषय सुरू झाला. तिथे यू घालायचे-काढायचे ते गाइड आरएनए बघून, आणि ते बहुतेक मिनिसर्कलवर (मायटोकॉन्ड्रियातल्या छोट्या गोल डीएनएवर) असतात. अर्धवट एडिट झालेले आरएनए ढिगाने मिळतात तेही तिथेच. फायसेरममध्ये असे गाइड सापडलेले नाहीत, शोधत बसू नका.

प्रतिसाद ३:
जात आधी पक्की करा. पिवळा म्हणजे फायसेरमच असं नाही, फुलिगो हा दुसरा स्लाइम मोल्डही पिवळाच. स्टेमोनायटिस, डिडिमियम या स्लाइम मोल्डमध्येही सी घुसतात, पण जागा वेगळ्या, त्यामुळे एडिटिंगच्या जागांचा छापील नकाशा जुळेलच असं नाही. आणि सीच्या शेजारी सी घुसला असेल तर त्यातला नवा कुठला हे सिक्वेन्सवरून कळत नाही. तक्त्यात ती जागा संदिग्ध म्हणूनच लिहा.