वर्कअराउंडला मराठीत काय म्हणायचं? पळवाट, तोडगा की आणखी काही?

कृष्णाकाठचा
एका शब्दावरून बाबांशी फोनवर वाजलंय, तुम्हीच निवाडा करा.

बाबा वाईला असतात, वय ७६, वंशावळी जमवायचा नाद, कॉम्प्युटर स्वतःचा स्वतः चालवतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून दिवाळीत घरी गेलो तेव्हा मीच हौसेनं अकरा टाकून दिली, दोन दिवस फराळ हाणला आणि पुण्याला परत आलो. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन. टास्कबार, म्हणजे ती स्टार्टची पट्टी, त्यांनी कायम स्क्रीनच्या वरच्या कडेला ठेवलेला, विंडोज ९५ पासून तो चारपैकी कुठल्याही कडेला ओढून नेता यायचा, अकरा आली आणि तो खाली खिळला. बरं खाली तर खाली, पण स्टार्ट शोधायला डाव्या कोपऱ्यात गेले की हवामान उघडतं. "वाईचं हवामान मला खिडकीतून दिसतं, ते बंद कर" हा पहिला फोन. दुसरा फोन, फाईलवर राईट क्लिक केलं की नाव बदला, कॉपी करा हे सगळं यादीतून गायब, वर बारकी चित्रं. "कात्री दिसतेय, पण कापायचंय कुणाला?"

तर मी दोन पानांचं टिपण करून पाठवलं, अडचण काय आणि ती कशी टाळायची. मथळा दिला 'पळवाटा'. झालं! "मी काय पोलिसांना गुंगारा देतोय का?" लाल पेनानं पळवाटा खोडून 'तोडगे' लिहिलं आणि फोटो व्हॉट्सॲपवर. आता बायको म्हणते तोडगा म्हणजे लिंबू-बिब्बा, तो कॉम्प्युटरवरून उतरवून टाकायचा असतो. वर्कअराउंडला नेमका शब्द काय?

पेठेतली_माऊ
जुगाड. संपला विषय.

शब्दनिष्ठ
जुगाड हा मराठी शब्द नव्हे. हिंदी मालिकांतून आलेला पाहुणा आहे, त्याला ओसरीवर बसवा, देवघरात नको. 'उपमार्ग' किंवा 'पर्यायी मार्ग' असे स्वच्छ शब्द आहेत. आणि टिपणात राईट क्लिक लिहिलं असेल तर तेही बदला, 'उजवी टिचकी' म्हणा.

संत्रानगरी
का बे, जुगाड मालिकांतून आला? आमच्या नागपुरात माझा आजा सायकलची चेन तुटली की जुगाड करायचा, तेव्हा घरी टीव्ही तर सोडा, वीज पण नव्हती. तुमच्या ओसरीवर तो असंल पाहुणा, आमच्या घरचा आहे. तुम्ही पुण्याकडचे लोक दर शब्दाचं आधार कार्ड मागून राहिले.

काळा_कोट
पळवाट अगदीच चूक नाही हो, पण तुमचे वडील बरोबर आहेत. आमच्याकडे कोर्टात पळवाट म्हणजे कायद्यात राहिलेली फट. जो पळवाट काढतो त्याला काहीतरी टाळायचं असतं, कर टाळायचाय, मुदत चुकवायचीय, जबाबदारी झटकायचीय. शब्दातच पळ आहे ना. तुमच्या वडिलांना पळायचं नाहीये, त्यांना तिथंच बसून काम करायचंय. दोष त्यांचा नसताना त्यांना फरारी ठरवलंत, चिडणारच.

नुसता_वाचक
शब्द नंतर ठरवा, काकांची कामं आधी करा. शिफ्ट दाबून धरायची आणि राईट क्लिक करायचं, थेट जुना मेनू येतो. किंवा फाईल निवडून शिफ्ट आणि एफ१०. नाव बदलायला मेनूच नको, एफ२ दाबा. स्टार्ट डावीकडे आणायला सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स, तिथं अलाइनमेंट लेफ्ट करा. विजेट्सचं बटण त्याच पानावर आहे, बंद केलं की हवामान गेलं. खिडक्यांची नावं टास्कबारवर दिसायची ती गेली होती, २०२३ मध्ये परत आली, तिथंच कम्बाइनच्या पुढे नेव्हर करा. टास्कबार वर न्यायचाच तर एक्स्प्लोररपॅचरसारखी बाहेरची सॉफ्टवेअरं आहेत पण वडिलांच्या मशीनवर घालू नका, एखादा मोठा अपडेट आला की ती मोडतात आणि तुम्हाला स्वारगेटहून वाईची एसटी पकडावी लागते. अनुभव आहे, आमची एसटी चिपळूणची होती.

खडी_डांबर
माझी नोकरी रस्त्यांच्या खात्यात गेली म्हणून माझं मत. पुलाचं काम निघालं की आम्ही पाटी लावतो, 'रस्ता बंद, वळण रस्ता वापरा'. शेतातनं मुरूम टाकून तात्पुरता रस्ता काढलेला असतो, त्यावरनं एसटीही जाते आणि ऊसाची ट्रॉलीही. वर्कअराउंड म्हणजे हेच की, मूळ रस्ता दुरुस्त होईपर्यंत फिरून जायचं. तेव्हा वळसा म्हणा. 'शिफ्टचा वळसा'. ऐकायलाही बरं वाटतं.

पेठेतली_माऊ
वळण रस्ता किती वर्षं चालतो साहेब? आमच्या गावी जाताना एक आहे, त्याच्या कडेला लावलेली झाडं आता सावली देतात.

खडी_डांबर
ते अनुदानावर असतं, तो वेगळा विषय आहे.

शब्दनिष्ठ
वळसा मला मान्य. पण बाकी चर्चेत जी भाषा चालली आहे त्याबद्दल बोललं पाहिजे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो याचसाठी ना? दरबारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द दिले. सावरकरांनी महापौर, दिनांक हे शब्द दिले, तेव्हाही लोक हसले होते, आज कोण हसतं? उजव्या टिचकीला हसू नका.

काळा_कोट
राज्यव्यवहारकोश होऊन साडेतीनशे वर्षं होतील, आणि मी आजही सकाळी कोर्टात 'हजर' होते, 'अर्ज' करते, 'जबाब' वाचते आणि मला लोक 'वकील' म्हणतात. सगळे अरबी-फारसीतून आलेले. दिनांक फॉर्मवर गेला आणि बोलण्यात तारीख राहिली. पुढची दिनांक कधी आहे असं माझ्या एकाही अशिलाने मला विचारलेलं नाही.
त्यावरून आठवलं, 'तजवीज' कसा वाटतो? तोही मुळात अरबी, पण माझी आजी सोलापूरला सारखा वापरायची. पाहुणे अचानक आले, दूध संपलंय, "बघते काहीतरी तजवीज".

कृष्णाकाठचा
तजवीज मस्त आहे पण त्यात सोय लावणं येतं, आडून जाणं येत नाही.

नुसता_वाचक
मग क्लृप्ती.

कृष्णाकाठचा
बाबा इन्स्क्रिप्ट कीबोर्डवाले आहेत, क्लृप्तीला आठ कळा दाबाव्या लागतात, क पाय मोडून ल, त्याला ऋकार, मग प परत पाय मोडून त आणि दीर्घ ई. त्यांची संधिवाताची बोटं बघता कळ दाबली की कळ येते. टिपणात हा शब्द वीस वेळा येणारे.

डावखुरी
सगळ्यांनी उजवी टिचकी उजवी टिचकी लावलंय म्हणून लिहिते. मी डावखुरी, माऊस डावीकडे, आणि सेटिंगमध्ये बटणं उलटी केलेली. माझं 'राईट क्लिक' डाव्या बटणावर आहे. इंग्रजीत चालून जातं कारण राईट क्लिक म्हणताना आता कुणी उजवा हात डोळ्यापुढं आणत नाही, ते एक नाव झालंय. तुम्ही 'उजवी टिचकी' म्हणालात की मला खरंच उजवीकडे बघावं लागतं. भाषांतर केलं की मेलेला अर्थ उठून बसतो. आणि टिचकी कसली? बोट अंगठ्याखाली अडकवून सोडतात ती टिचकी, कॅरमला मारतात. माऊसला टिचकी मारली तर तो टेबलाखाली जाईल.

संत्रानगरी
😂😂 उंदीर टेबलाखाली

पेठेतली_माऊ
बरं तोडगा राहिला बाजूला. माझ्या मते 'तोड'पासून आला, तोडीस तोड, त्याला तोड नाही, त्यातला तोड. समोरून एक चाल आली की आपण त्याला तोड काढायची, म्हणून तोडगा. आणि शेवटचा 'गा' कौतुकाचा.

शब्दनिष्ठ
'गा' कौतुकाचा हे कुठून काढलंत? मला तर हिंदीतल्या टोटक्याशी नातं दिसतं. कृष्णाकाठच्यांची बायको म्हणते तोच अर्थ जुना असणार.

संत्रानगरी
आता हिंदी चालली का? जुगाडाला ओसरी अन् टोटक्याला पाट रांगोळी.

कृष्णाकाठचा
रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले पेपरात येतो तो तोडगा, संपावर तोडगा निघाला, पाणीवाटपावर तोडगा निघाला, त्यात दोन्ही बाजू टेबलाशी बसतात आणि दोघं थोडं थोडं सोडतात. इथं समोरची बाजू बसतेच कुठं? म्हटलं मग तुम्हीच खोडा तुमचा शब्द. तर नाही. म्हणे आपल्याकडे कुणाला सारखी उचकी लागायची, देवऋषी काहीतरी सांगायचा, हे उंबऱ्यावर ठेव, ते तिन्हीसांजेला टाकून ये. रोग तिथंच असायचा, पण माणूस कामाला लागायचा. तो तोडगा. "शिफ्ट दाबून क्लिक कर हे त्यातलंच, का करायचं ते विचारायचं नाही." म्हणजे बायकोचा आणि त्यांचा अर्थ एकच निघाला आणि मी एकटाच चूक ठरलो.

डावखुरी
तुमचे बाबा मला आवडले. ॲनिमेशन बंद करून द्या त्यांना, सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स. खिडक्या उघडताना फुलत बसत नाहीत.

पेठेतली_माऊ
मग 'उतारा' का नको? तोही त्याच घरातला. विषावर उतारा.

काळा_कोट
साताऱ्याकडच्या माणसाला उतारा म्हटलं तर तो सातबाराच काढून आणेल.

खडी_डांबर
वळसाच बरा होता.

कृष्णाकाठचा
या रविवारी वाईला जाऊन आलो. स्टार्ट डावीकडे नेलं, हवामान घालवलं, नावं परत आणली. टास्कबार खालीच आहे, त्यावर बाबा बोलत नाहीत, पण बोलताना नजर अजून आधी वर जाते. शिफ्टच्या कळेवर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, कारण शिफ्ट आणि कंट्रोलमध्ये घोटाळा व्हायचा. माझं टिपण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. मथळ्याची पट्टी मात्र कात्रीनं कापून काढलेली, पहिली ओळ एकदम 'शिफ्ट दाबून ठेवा' अशीच सुरू होते. विचारलं तर म्हणाले तुमचं ठरलं की सांग, जागा ठेवलीय.

शब्दनिष्ठ
'उपमार्ग' लिहून घ्या.
आणि डावखुरी, तुम्ही सांगता ती कॅरमची टिचकी. दाराच्या काचेवर बोटाच्या पेरानं हलकेच वाजवतात तिलाही टिचकी म्हणतात, माऊसची ती आहे.

डावखुरी
तिला टकटक म्हणतात.

संत्रानगरी
आमच्याकडे तिला काहीच म्हणत नाही, सरळ कडी वाजवतो.

शब्दनिष्ठ
टकटक हा आवाज झाला. मी क्रियेबद्दल बोलतोय.

डावखुरी
मग चुटकी, चिमटी, चिमूट, टिचकी या चौघींतली कुठली बोटं कुठं लागतात ते एकदा सांगाच, कारण माझी सासू तपकिरीला टिचकी म्हणते.