मदत हवी आहे: झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढायला अर्ज कुठे करायचा?

नमस्कार मंडळी, आमच्या गल्लीत फुटपाथचं काम झालं आणि कंत्राटदाराने बहावा, कडुनिंब, एक जुना वड, सगळ्यांच्या बुंध्याला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक बसवून वर सिमेंट ओतलंय, बोटभर माती दिसत नाही. कडुनिंबाची साल तर सिमेंटच्या कडेला दबून सोलायला लागलीये, पावसाचं पाणी मुळांपाशी मुरायच्या ऐवजी सरळ गटारात जातं. अशीच झाडं मग मुळं कमजोर होऊन वादळात पडतात आणि लोक झाडालाच दोष देतात, खूप वाईट वाटतं बघून.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता हे माहितीये. आपल्याकडे 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, आमचा वड त्यात नक्की बसेल.

पण वॉर्ड ऑफिसात गेलं की उद्यान विभागाकडे पाठवतात, तिथून परत रस्ते विभागाकडे. कोणी हे काम करून घेतलंय का? अर्ज वृक्ष प्राधिकरणाला करावा की थेट आयुक्तांना? नमुना असेल तर प्लीज टाका. आणि वडाचं वय कागदोपत्री कसं दाखवायचं? सोसायटीतली पोरं स्वतः ब्लॉक उचलायला तयार आहेत, पण परवानगीशिवाय हात लावला तर उलट आमच्यावरच केस होईल का?