तिकिटामागे पॉइंट दिले की अवघड तिकिटं कुजतात

रातराणी: फाइव्हएमवरच्या (जीटीए ५ हा गेम स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची सोय) आरपी, म्हणजे भूमिका निभावून खेळायच्या, सर्व्हरवर बिनपगारी स्टाफला बंद केलेल्या प्रत्येक तिकिटामागे (खेळाडूनं नोंदवलेली तक्रार किंवा अडचण) १० पॉइंट द्यावेत आणि ५०० झाले की गेममधली हवी ती गाडी, असं कालच्या पोस्टमध्ये कुणीतरी सुचवलंय. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

"गाडी जमिनीत रुतली" हे तिकीट दोन मिनिटांत संपतं. आरडीएमच्या, म्हणजे कथेत कारण नसताना मारल्याच्या, तक्रारीत दोन्ही बाजूंच्या क्लिप बघा, लॉगमधल्या वेळा जुळवा, दोघांना व्हॉइसवर घ्या, कारणांसकट निकाल लिहा, यात पाऊण तास सहज जातो. दोन्हीला १० पॉइंट? मग रुतलेल्या गाड्यांवर झडप पडणार आणि आरडीएमवाला तीन दिवस ताटकळणार. शिवाय ती गाडी विकता येते. फुकटची गाडी निम्म्या भावात बाजारात आली की शोरूम चालवणाऱ्या खेळाडूचं गिऱ्हाईक तुटतं.

द्यायचंच तर विकता न येणारं द्या: सर्व्हरवर शिरायच्या रांगेत प्राधान्य, एक जादा कॅरेक्टर स्लॉट, वेगळा पोशाख. आणि तेही पाळीच्या तासांवर, तिकिटांच्या आकड्यावर नाही.

घाटवाट: तासांवर दिलं की लोक ड्युटी चालू करून झोपतात. तिकिटांचं वजन ठरवा: रुतलेली गाडी १, बग २, आरडीएम ६, बॅनवरचं अपील ८. अपील मूळ बॅन करणाऱ्याकडे जाऊ द्यायचं नाही. उलटलेल्या निकालाचे पॉइंट परत घ्यायचे. पोस्टमधली गाडी चुकीची होती, मोजणं नव्हे.

रातराणी: पॉइंट परत घेणार असाल तर चूक कबूल कोण करेल? सगळे आपापल्या निकालाला चिकटून बसतील.

शिडाचीहोडी: दोघंही मूळ मुद्दा सोडताय. टेबेक्सवर, म्हणजे सर्व्हरच्या ऑनलाइन दुकानात, रांगेतलं प्राधान्य पैसे घेऊन विकलं जातं, तेच तुम्ही स्टाफला बक्षीस म्हणून देणार. म्हणजे मालकाच्या खिशातून काहीच जात नाही. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीचं काय झालं ते बघा. चॅटरूम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना फुकट खातं मिळायचं. तासाला पैसे पडायचे तोवर त्याला किंमत होती. १९९६ च्या डिसेंबरात महिन्याला १९.९५ डॉलर असा सरसकट दर आला आणि ते बक्षीस एका झटक्यात स्वस्त झालं. काम मात्र तेच राहिलं: ठरलेल्या पाळ्या, हजेरीची नोंद, अहवाल. १९९९ मध्ये किमान वेतनासाठी खटला झाला, २०१० मध्ये सुमारे दीड कोटी डॉलरवर मिटला. हजेरी आणि पाळी आली की तो नोकरच ठरतो, असाच त्या स्वयंसेवकांचा दावा होता. रातराणी, तुमच्या "पाळीच्या तासां"मध्ये नेमकं तेच आहे.

हवालदार७७: खटले राहू द्या. इथे सगळ्यात मोठं बक्षीस कुणी बोलतच नाही: गेममधल्या पोलीस चीफचं पद. व्हाइटलिस्टमधली, म्हणजे मंजुरीनंतरच मिळणारी, सगळी वरची पदं स्टाफला वाटली जातात. मग पोलिसाविरुद्ध तक्रार आली की निकाल चीफच देतो, कारण ॲडमिन तोच.

घाटवाट: तुम्हाला प्रत्येक धाग्यात पोलीस खातंच दिसतं. रात्री दोन वाजता सर्व्हरवर दुसरं असतं कोण? स्टाफनं सीन करायचेच नाहीत, म्हणजे स्वतः खेळायचंच नाही का?

हवालदार७७: करावेत की, साधा शिपाई म्हणून! स्पेक्टेट (न दिसता दुसऱ्याचा खेळ बघायची ॲडमिनची सोय) चालू करून लपलेला दरोडेखोर बघायचा आणि त्याच मिनिटाला कॅरेक्टरमध्ये जाऊन पकडायचा, हे शुद्ध मेटागेमिंग आहे, कॅरेक्टरला ठाऊक नसलेली माहिती वापरणं. आणि ते करणाऱ्याला जाब विचारला की "आम्ही फुकट राबतो" हे उत्तर ठरलेलं. फुकट राबण्याची किंमत दुसऱ्याच्या सीनमधून वसूल करायची नाही!

रातराणी: आवाज खाली. याला उपाय आहे. टीएक्सॲडमिन या सर्व्हर सांभाळायच्या साधनात प्रत्येकाला परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. तिकीटवाल्याला हवी ती गाडी निर्माण करायची परवानगी कशाला हवी? स्पेक्टेट ठेवा, पण कुणी कुणावर कधी चालू केलं याची नोंद सगळ्या स्टाफला दिसेल अशा चॅनेलवर टाका. वापरल्यावर अर्धा तास त्या सीनपासून लांब.

हवालदार७७: लॉग ठेवून काय उपयोग? वाचणारा चीफचाच मित्र. पद आणि ॲडमिन एका माणसाकडे नको, बास.

घाटवाट: लहान सर्व्हरवर एवढी माणसं नसतात, हे तुम्हालाही माहीत आहे. पण ठीक आहे, चीफनं पोलिसांच्या तक्रारीला हात लावू नये एवढं मान्य. ईएमएसची (रुग्णवाहिका खात्याची) तक्रार तो बघेल.

शिडाचीहोडी: आणि पैशांचं? होस्टिंग, खेळाडूंसाठी जादा स्लॉट, विकत घेतलेल्या स्क्रिप्ट (गेममधल्या सोयींचा कोड), टेबेक्सची जमा, सगळं दर महिन्याला स्टाफसमोर मांडा. नकाशे आणि स्क्रिप्ट बनवणाऱ्यांना आधी ठरलेला मोबदला द्या आणि ते सोडून गेले तर स्क्रिप्ट कुणाची राहील हे सुरुवातीलाच लिहून घ्या. नाहीतर भांडण झालं की ते फाइल घेऊन निघतात आणि सर्व्हरवरचं गॅरेज दुसऱ्या दिवशी उघडत नाही.

रातराणी: हजेरीचं तुमचं पटलं, नाइलाजानं. पाळी सक्तीची नको, तास ज्याचे त्यानं लिहावेत, आठवड्याला सहाच्या वर मोजायचे नाहीत. आरडीएमच्या तिकिटाला मात्र दोन माणसं लागतीलच, त्यावर मी हटणार नाही.

घाटवाट: दोन माणसं आणायची कुठून ते आधी सांगा.