शब्दांवाचूनचा प्रचार

युद्धकाळातील प्रचारसंगीत म्हणजे घोषणांनी भरलेली कूचगीते, हे सर्रास ऐकू येणारे मत मला अपुरे वाटते. १९४१ पासून बीबीसी युरोपसाठीच्या प्रक्षेपणात बेथोवनच्या पाचव्या सिंफनीचे (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेचे) पहिले चार स्वर वाजवीत असे, कारण तीन ऱ्हस्व आणि एक दीर्घ ही त्यांची लय मोर्स या तारसंदेशांच्या बिंदू-रेषांच्या लिपीतील ‘व्ही’ या विजयाच्या अक्षराशी जुळत होती. जर्मन संगीतकारच जर्मनीविरुद्ध उभा करण्यातली खोच उघड आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन वेढ्यातल्या, उपासमारीने खंगलेल्या लेनिनग्राडमध्ये सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजली, तेव्हा ती ध्वनिक्षेपकांवरून जर्मन फळीपर्यंत ऐकवण्यात आली, आणि शत्रूच्या तोफा गप्प राहाव्यात म्हणून सोव्हिएत तोफखान्याने आधीच मारा करून ठेवला होता. मैफलीची इतकी जय्यत तयारी क्वचितच झाली असेल!

लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, त्यामुळे ‘ऐ मेरे वतन के लोगो’विषयी आम्हा इंदूरकरांना तटस्थ राहणे जड जाते. तरीही चीनशी झालेल्या युद्धातील पराभवानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंतप्रधानांसमोर गायलेल्या त्या गीतात जयघोषापेक्षा शोकच अधिक असल्याने, त्याला मी प्रचाराच्या रकान्यात टाकणार नाही.