अनुभव धागा: गोष्ट रचायला पुराणातला विषय कसा निवडलात?

देवगडहून

मंडळी, यंदा वाडीच्या गणपतीत नुसता देखावा नको, पोरांनी स्वतः गोष्ट रचून चित्रं आणि थोड्या अभिनयातून सांगायची असं ठरलंय. वेळ वीसेक मिनिटं. घोडं विषयावर अडलंय. रामायण म्हटलं की सगळ्यांना हनुमानच व्हायचंय. तुम्ही असं काही केलं असेल तर विषय कसा ठरला आणि पुढे काय झालं ते लिहा. उपदेश नको, अनुभव हवेत.

चिपळूणहून

आम्ही परशुराम घेतला. देऊळ जवळ, गोष्ट सगळ्यांना पाठ. आणि तीच अडचण झाली. बाण मारला, समुद्र हटला, कोकण झालं. दोन मिनिटांत खेळ खलास. मग एका मुलीने विचारलं, "पण त्यांना जमीन लागलीच कशाला?" उत्तर पुराणातच आहे. जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपांना दान दिली, दान दिलेल्या जमिनीवर राहायचं नाही, म्हणून नवी मागावी लागली. सगळं देऊन बसलेला माणूस समुद्राकडे जागा मागायला येतो, इथून आम्ही सुरुवात केली. समुद्रालाही पात्र केलं. तो घासाघीस करतो: "इथवर घे, पण भरतीला मी येणारच." खाडीकाठच्या प्रेक्षकांना हे वाक्य वेगळं समजवावं लागलं नाही.

बाण की परशू यावरून पोरांत जुंपली, कारण केरळकडे परशू फेकल्याची कथा सांगतात. शेवटी दोन साक्षीदार उभे केले, दोघंही छातीठोक, दोघांचं म्हणणं वेगळं. सगळ्यात जास्त हशा तिथेच पिकला.

कुडाळहून

माझो आजो दशावतारात राजपार्ट करी. दशावताराक छापील नाटक नसता. कुठचा आख्यान लावूचा ता ठरला की रंग लावता लावता कोणी काय बोलूचा ह्याचो अंदाज घेतत, आणि उजाडापर्यंत संवाद जाग्यार रचतत. आख्यान ठरवताना आजो पयलो पात्रां बघी. तलवारीचो राजा जोरात आसा तर युद्धाचा आख्यान, स्त्रीपार्टी चांगलो आसा तर पतिव्रतेचा. तुमी उलटा करतास, विषय धरतास आणि मगे त्येच्यासाठी पोरां शोधतास. तुमच्यात कोण खट्याळ आसा? तेका संकासुर करा. वेद चोरणारो, काळ्या कपड्यातलो. तो इलो की झोपलेली पोरां पण उठान बसतत. हनुमानाचो हट्ट आपोआप सुटतलो.

सावंतवाडीहून

आम्ही दशावतारी गंजिफाच्या, म्हणजे इथल्या जुन्या गोल पत्त्यांच्या, पानांवरून विषय काढला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. प्रत्येक गटाने न बघता दोन पानं ओढायची. मत्स्य आणि परशुराम आले तर ते कुठे भेटतील? पुराणात अशी भेट नाही, त्यामुळे पोरांचा हात मोकळा सुटला. हाताने रंगवलेली पानं पोरांच्या हाती द्यायचा धीर झाला नाही, रंगीत झेरॉक्सवर भागवलं.

मंडणगडहून

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणून आम्हाला कूर्मावतार आणि समुद्रमंथन सुचलं. चौदाही रत्नं दाखवायचा मोह टाळा, नाहीतर यादी वाचल्यासारखं होतं. आम्ही हलाहल, लक्ष्मी आणि अमृत एवढंच ठेवलं. सगळं कूर्माच्या तोंडून: पाठीवर मंदार पर्वत, वर दोरीची ओढाताण, आणि खाली ह्याला काहीच दिसत नाही. असुर वासुकीच्या तोंडाकडे आणि देव शेपटीकडे कसे गेले, तेही त्याला वरच्या आरडाओरड्यावरूनच कळतं. पिल्लं समुद्राकडे कशी सरपटतात हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेलं, त्यामुळे चाल शिकवावी लागली नाही. एका पालकांना देवाच्या तोंडचा विनोद खटकला. ते वाक्य काढलं, कासव ठेवलं.

रत्नागिरीहून

पुराणं कशाला, गावचा राखणदार घ्या की! आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या चपला वाहतात, रात्री गस्त घालून त्या झिजतात म्हणे. याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार?

वेंगुर्ल्याहून

सुरुवात चांगली खरी, पण तो आमचा जागता देव आहे. त्याच्या तोंडी आपली वाक्यं घालायच्या आधी मानकऱ्यांना विचारा. आमच्या गावच्या राखणदाराची गोष्ट केली तेव्हा आम्ही त्याला रंगमंचावर आणलंच नाही. पडद्यामागून नुसता चपलांचा आणि काठीचा आवाज. पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मांडीवर.

कणकवलीहून

विषय पक्का करण्याआधी पिंगुळीला जाऊन या. तिथल्या ठाकर कलाकारांची चित्रकथी बघा, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली याच परंपरेसाठी पद्मश्री मिळाली. एकेक चित्र समोर धरून कथा पुढे सरकते. परत आल्यावर आम्ही सुचलेल्या प्रत्येक विषयाची सात-आठ चित्रं पोरांना काढायला सांगितली. भक्त प्रल्हादाची भराभर निघाली: हत्ती, कडा, आग, खांब. आमचा आवडता नचिकेत, यमाला प्रश्न विचारणारा मुलगा, दुसऱ्या चित्रावरच अडला, कारण पुढे सगळं बोलणंच. वाईट वाटलं, पण सोडला.

देवगडहून

कूर्म आणि संकासुर अशी दोन नावं पोरांपुढे ठेवलीत. संकासुरासाठी तिघं आत्ताच भांडतायत, कासव व्हायला एकच तयार आहे. वासुकीसाठी होडीचा जुना जाड दोर लागेल. देवगड-विजयदुर्ग भागात कुणाकडे असेल तर सांगा, विसर्जनानंतर परत आणून देऊ.